नेपोलियनच्या भीतीचा सारा

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहण्याआधी दोनशे वर्षांहून अधिक काळ, शेजारच्या दुर्गात मराठी फौज उतरली होती. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर छत्तीसगडात शिरले, तेव्हा त्यांच्या फौजेने दुर्गच्या जुन्या मातीच्या किल्ल्यातला उंचवटा निवडला. त्यावर मोर्चेबंद छावणी घातली आणि तिथूनच पुढे रतनपूरच्या हैहयवंशी राजावर चाल केली. त्या उंचवट्यावरून शिवनाथेच्या खोऱ्यातला सपाट भाताचा मुलूख दूरवर दिसतो. भिलाई तेव्हा त्याच मुलखातले एक खेडे होते. नेपोलियनच्या चरित्रांत या मुलखाचे नाव सहसा येत नाही आणि छत्तीसगडच्या इतिहासात नेपोलियनचे नाव क्वचितच येते. माझे म्हणणे असे की दोन्हीकडे काहीतरी गाळले गेले आहे. नेपोलियन हिंदुस्थानात कधी आला नाही, त्याचा एक शिपाईही छत्तीसगडच्या वाटेला लागला नाही. तरीही त्याच्या नावाने जी भीती उभी राहिली तिची किंमत नागपूरच्या राज्याने मुलूख देऊन मोजली, आणि ती भरून काढण्याचा बोजा ज्या रयतेवर पडला तिच्यात शिवनाथेकाठचा नांगरधारी होता. नेपोलियनने जगात काय मागे ठेवले याचा हिशेब मांडताना हा सारासुद्धा धरला पाहिजे.

नेपोलियन बोनापार्ट कॉर्सिका बेटावर अजाक्सिओ गावी १५ ऑगस्ट १७६९ रोजी जन्मला. तोफखान्याचा अधिकारी म्हणून वर आला, इटलीच्या मोहिमेत नाव कमावले, नोव्हेंबर १७९९ मध्ये सत्ता हाती घेतली आणि मे १८०४ मध्ये सम्राट झाला. हे सारे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते १७९८ साल. त्या वर्षी तो मिसरात उतरला आणि जानेवारी १७९९ मध्ये त्याने कैरोहून टिपू सुलतानाला पत्र लिहिले. आपण तांबड्या समुद्राच्या काठी पोचलो आहोत, तुम्हाला इंग्रजांच्या जोखडातून सोडवण्याची इच्छा आहे, असा त्याचा आशय होता. पत्र वाटेतच इंग्रजांच्या हाती पडले. त्याचे आरमार तर आधीच, १ ऑगस्ट १७९८ ला नाईलच्या मुखाशी बुडाले होते, म्हणजे पत्रात दिलेली आशा पुरी करण्याचे साधनच त्याच्यापाशी उरले नव्हते. तरी टिपूचा ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टणात इंग्रजांशी लढताना अंत झाला. १८०१ मध्ये रशियाचा झार पॉल याने हिंदुस्थानच्या रोखाने कझाक स्वार रवाना केले. मार्चमध्ये झारचा खून झाला आणि स्वार माघारी बोलावले गेले. (रशियन लोक या मुलखात आले ते पुढे १९५५ च्या करारानंतर, भिलाईच्या कारखान्याचे नकाशे घेऊन.) १८०७ मध्ये नेपोलियनने इराणच्या शाहाशी तह करून जनरल गार्दान याला तेहरानला पाठवले. यातली एकही योजना सिंधू नदीपर्यंत पोचली नाही. पण प्रत्येक योजनेची बातमी कलकत्त्याला पोचली, आणि प्रत्येक बातमीने कलकत्त्याच्या हातांना काही ना काही काम दिले.

हे काम कसे चालत असे ते १८०३ च्या तारखांवरून कळते. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये मार्च १८०२ ला आमियांचा तह झाला होता. त्या तहान्वये पाँडिचेरी फ्रेंचांना परत मिळायची होती. ती ताब्यात घेण्यासाठी जनरल दकां मार्च १८०३ मध्ये ब्रेस्ट बंदरातून निघाला. त्याच्याबरोबर हजाराहून थोडे अधिक शिपाई होते आणि त्या मानाने अधिकारी मात्र फार. एवढे अधिकारी कोणाची फौज तयार करायला आणले आहेत, असा इंग्रजांचा प्रश्न होता, आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. दकां जुलैमध्ये पाँडिचेरीसमोर पोचला, युरोपात युद्ध पुन्हा पेटल्याचे कळताच त्याने मॉरिशस गाठले आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यापुरता विषय संपला. पण महिना उलटायच्या आत, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने शिंदे आणि भोसले यांच्याविरुद्ध युद्ध सुरू केले. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने सेनापती लेकला युद्धाचे हेतू लिहून कळवले होते. यमुनेकाठी शिंद्यांचा सेनापती पेरॉन याच्या हाताखाली उभे राहिलेले ‘फ्रेंच राज्य’ मोडून काढणे हा त्यांतला अगदी वरचा हेतू होता.

ते ‘फ्रेंच राज्य’ कसे होते? महादजी शिंद्यांचे कवायती कंपू हा त्याचा पाया. ते उभारणारा दि बॉयन सॅव्हॉयमधल्या शांबेरीचा, म्हणजे जन्माने सार्डिनियाच्या राजाचा प्रजाजन. त्याच्यानंतर आलेला पेरॉन खरा फ्रेंच. पण लढाईला तोंड लागताच सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याने शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांचा आसरा घेतला. २३ सप्टेंबरला असईच्या रणात शिंद्यांच्या पलटणींचा मुख्य असलेला पोलमन हॅनोव्हरचा होता, आणि हॅनोव्हरचा अधिपती होता खुद्द इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज! आपल्या जुन्या कागदांत ‘टोपीकर’ हा शब्द सर्वच युरोपियांना लावत आणि ‘फरासीस’ निराळे सांगत. मराठी कारकुनांना दोघांतला फरक कळत होता. कलकत्त्याने मात्र सोयीसाठी प्रत्येक टोपीला फरासीस रंग दिला. भोसल्यांची गोष्ट तर याहून साधी आहे. दुसऱ्या रघुजींपाशी दि बॉयनच्या तोडीचा एकही फिरंगी सेनापती नव्हता, त्यांचे पायदळ बेनीसिंगासारख्या देशी सरदारांच्या हाताखाली होते. बेनीसिंग १५ डिसेंबरला गाविलगड लढवताना मारला गेला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ ला, भोसल्यांच्या वकिलाने देवगावच्या तहावर सही केली. त्या तहात एक कलम आहे. सेनासाहेब सुभ्यांनी, म्हणजे नागपूरच्या राजाने, कोणाही फ्रेंचाला किंवा इंग्रजांशी लढत असलेल्या अन्य युरोपीय वा अमेरिकी सत्तेच्या प्रजाजनाला आपल्या चाकरीत ठेवू नये. ज्याच्या घरी चोर शिरला नव्हता त्याच्याकडूनही चोराला थारा देणार नाही असे लिहून घेतले गेले. नेपोलियनचे नाव तहात नाही. पण ते कलम वाचताना दुसरा कोणी डोळ्यासमोर येत नाही.

कलमापेक्षा मुलूख गेला हे मोठे. तहाने रघुजींनी वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडले, ते निजामाला मिळाले. पूर्वेला कटक आणि बालासोर गेले. कटकचा बारबाटी किल्ला कर्नल हारकोर्टने ऑक्टोबरातच घेतला होता. कटकच्या बाबतीत इंग्रजांचा हेतू त्यांनी लपवला नाही. बंगाल आणि मद्रास या दोन इलाख्यांमधला समुद्रकिनारा भोसल्यांच्या हातात होता, तो सलग व्हायला हवा होता, आणि त्या किनाऱ्यावर कोणा परक्या सत्तेला, म्हणजे फ्रेंचांना, मराठ्यांशी हातमिळवणी करायला बंदर उरायला नको होते. बालासोरला फ्रेंचांची जुनी वखार होतीच. शिवाजी महाराजांच्या वेळेपासून समुद्र आणि देश यांचा जो संबंध मराठी राज्यकर्त्यांनी जपला होता, तो पूर्व किनाऱ्यावर १८०३ मध्ये तुटला. नागपूरचे राज्य यानंतर चारी बाजूंनी जमिनीने वेढलेले राज्य झाले. ब्रिटिश गॅझेटियरच्या हिशेबाने राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा हातातून गेला, आणि तोही गाळाचा, काळ्या जमिनीचा, बंदरांच्या जकातीचा. फौजेचा खर्च, सरदारांचे तनखे आणि दरबाराचा इतमाम मात्र तिसऱ्या हिश्श्याने घटला नाही. तो उरलेल्या दोन हिश्श्यांवर बसला.

त्या उरलेल्या दोन हिश्श्यांत छत्तीसगड होते. बिंबाजी भोसले रतनपुरात राहून राज्य करत, ते १७८७ मध्ये वारले. त्यानंतर नागपूरहून सुभेदार येऊ लागले. विठ्ठलराव दिनकरांनी जुन्या गडांच्या जागी परगणे पाडले आणि परगण्यावर कमाविसदार बसवले. १८०३ मध्ये सुभेदार होते केशव गोविंद. आता हा पैसा गावात कसा उतरत असे ते पाहावे. नागपुरात रक्कम ठरे, ती सुभ्यावर, सुभ्याकडून परगण्यावर, परगण्यातून गावावर. गावात ती गौंटियाच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, माथी येई. छत्तीसगडात हिशेब बिघ्याने होत नसे, नांगराने होत असे: गावात जितके नांगर तितके वाटे. शेतांचीही ठराविक काळाने फेरवाटणी होई, तिला लाखाबाटा म्हणत, म्हणजे कोणाच्या वाट्याला नुसती काळी कन्हार आणि कोणाला नुसती मुरमाड भाठा असे होऊ नये. मटासी, डोरसा, कन्हार, भाठा या चारी मातींचा भाग सर्वांना मिळावा. ही पद्धत न्यायाची होती. पण वरून येणारी रक्कम वाढली की हाच न्याय अंगावर येतो. एक कुटुंब नांगर टाकून परागंदा झाले की त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो, आणि वाटा वाढला की पुढचे कुटुंब जायला तयार होते. शेतसाऱ्याखेरीज सायर म्हणजे जकात होती, कलाली म्हणजे दारूवरचा कर होता, आणि पंढरी होती. आपल्याकडे गावाच्या शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. नागपूरच्या राज्यात शेती न करणाऱ्यांवर, पांढरीत राहून धंदा करणाऱ्या तेली, कोष्टी, सोनार, वाणी अशांवर बसणारा कर याच नावाने ओळखला गेला. काळीतून जे निघत नाही ते पांढरीतून काढायचे, एवढे त्या शब्दात आहे.

१८०३ पर्यंत रघुजींचा कारभार बऱ्यापैकी चांगला होता, असे इंग्रज लेखकही मान्य करतात. तहानंतर तो बदलला. गावांवर जबर सारा बसला, नवे कर आले, फौजेचा पगार थकला, आणि थकलेली फौज रयतेला लुटून पोट भरू लागली. त्याच वर्षांत पेंढारी वाढले. लोक आपल्या राजाला ‘बडा बनिया’ म्हणू लागले. हा बदल १८०३ नंतरचा आहे हे इंग्रजांच्याच लिखाणात आहे, पण त्याचे कारण लिहिताना त्यांची लेखणी राजाच्या लोभाशी येऊन थांबते. १८०४ पासून नागपुरात रेसिडेंट असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे सारे जवळून पाहत होता. १८०८ मध्ये त्याला काबूलच्या दरबारी पाठवले गेले ते कशासाठी? नेपोलियन आणि रशियाचा झार तिल्सितला एक झाले, आता इराणच्या वाटेने फ्रेंच येतील, म्हणून.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की फ्रेंचांची भीती हे निव्वळ निमित्त होते. वेलस्लीला मुलूख हवा होता, नेपोलियन नसता तर दुसरे काही सापडले असते. या आक्षेपात बरेच तथ्य आहे आणि मी ते नाकारत नाही. १७७७ मध्ये सेंट लुबँ नावाचा एक फ्रेंच गृहस्थ पुण्यात नाना फडणीसांना भेटायला आला. त्याच्या हातून काहीच घडले नाही, तरी मुंबईकर इंग्रजांना तेवढे पुरले होते. पण निमित्त आणि कारण यांत दरी जितकी रुंद वाटते तितकी नसते. लंडनमधले कंपनीचे डायरेक्टर खर्चिक युद्धांना विरोध करत होते, त्यांनी अखेर १८०५ मध्ये वेलस्लीला परत बोलावून घेतले. त्यांना गप्प बसवणारे एकच वाक्य कलकत्त्यापाशी होते, आणि ते वाक्य खरे वाटायला युरोपात एक खरा नेपोलियन लागत होता. खोट्या भीतीने दोन वर्षे भागतात, पंधरा भागत नाहीत. बंगालच्या उपसागरात फ्रेंच खाजगी लढाऊ गलबते कंपनीची जहाजे धरत होती. १८०० मध्ये सुरकूफने ‘केंट’ धरले, ही काही अफवा नव्हती. मॉरिशस १८१० पर्यंत फ्रेंचांच्या हाती होते. आणि गोव्याकडे पाहावे. पोर्तुगाल इंग्लंडचे जुने मित्रराष्ट्र, तरी फ्रेंच गोव्यात उतरतील म्हणून इंग्रजी पलटणी १७९९ पासून १८१३ पर्यंत तिथे ठाण मांडून होत्या. मित्राच्या घरात चौदा वर्षे पहारा ठेवणारे सरकार नुसता बहाणा करत होते असे म्हणता येत नाही. भीती खरी होती आणि हावही खरी होती. १८०३ मध्ये भीतीने हावेला वेळ आणि मुभा दिली.

दुसरा आक्षेप घरचा आहे आणि तो अधिक टोचतो. मराठ्यांचे राज्य मराठ्यांनीच घालवले. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला होळकरांनी पेशवा आणि शिंदे यांचा पराभव केला नसता, बाजीराव पळून वसईला गेला नसता, ३१ डिसेंबरला त्याने तो तह केला नसता, तर पुढचे युद्ध झालेच नसते. छत्तीसगडचा जाच तरी तहानंतर सुरू झाला का? १७८७ पासून सुभेदार येत होते ते वसुलीसाठीच. मेजर अ‍ॅग्न्यू याने १८२० मध्ये छत्तीसगड सुभ्यावर अहवाल लिहिला, त्यात सुभेदारांच्या काळाचे चित्र जुलमाचे आणि पिळवणुकीचे आहे. यातले बहुतेक खरे मानावे लागेल. मराठी वाचकाने आपल्या पूर्वजांच्या पूर्वेकडच्या राज्याबद्दल हळवे होऊन उपयोग नाही. बंगालमध्ये भास्कररामांच्या स्वाऱ्यांची आठवण अजून पाळण्याच्या गाण्यांत आहे, छत्तीसगडातही मराठी सुभा ही काही मायेची आठवण नाही. पण अ‍ॅग्न्यू नव्या मालकाचा नोकर होता, जुना मालक किती वाईट हे दाखवण्यात त्याचे हित होते, आणि देवगावच्या तहाने नागपूरच्या खजिन्याचे काय केले हे सांगण्यात नव्हते. यंत्र मराठ्यांचे होते, त्यावरचा दाब वाढला तो तहामुळे. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तरच १८०३ नंतरच्या पंधरा वर्षांचा अर्थ लागतो.

नेपोलियनचा वारसा म्हटला की लोक त्याच्या १८०४ च्या नागरी संहितेकडे बोट दाखवतात, आणि तेही योग्यच आहे. पोर्तुगालच्या १८६७ च्या संहितेवर तिची दाट छाया आहे. ती १८७० पासून गोव्यात लागू झाली, आणि आजही गोव्यात लग्नाची नोंदणी, नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता, मुला-मुलींचा वारसा यांचे नियम तिच्याच परंपरेतून येतात. गोमंतकातल्या मुलीला बापाच्या इस्टेटीत जो डावलता न येणारा वाटा मिळतो, त्याच्या मागे कुठेतरी पॅरिसमधले ते कायदेपंडित उभे आहेत. मला हा वारसा मोलाचा वाटतो. पण एका माणसाने मागे ठेवलेल्या गोष्टी त्याच्या इच्छेने ठेवलेल्याच असतात असे नाही. ज्याला नेपोलियन ‘शिपायांचा सेनापती’ म्हणून हिणवत असे तो गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली असईला आणि अडगावला लढून तयार झाला. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाल्यावर त्याला आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी विचारली, तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले. हिंदुस्थानातून परतताना १८०५ मध्ये तो सेंट हेलेना बेटावर ज्या बंगल्यात उतरला होता, त्याच ‘ब्रायर्स’च्या आवारात १८१५ मध्ये कैदी नेपोलियनने पहिले काही आठवडे काढले. देवगावचा तह ज्याने घडवून आणला त्याच्या आणि ज्याच्या भीतीने तो घडला त्याच्या वाटा अशा एका घरात येऊन मिळतात.

वॉटर्लू १८ जून १८१५ ला झाली. तेव्हापासून फ्रेंच कलमाला अर्थ उरला नाही. मुलूख मात्र परत आला नाही, उलट उरलेलाही गेला. रघुजी मार्च १८१६ मध्ये वारले. तैनाती फौज त्यांनी हयातभर नाकारली होती, ती त्यांच्यामागून सुमारे दोन महिन्यांतच, मे मध्ये त्यांचे पुतणे आप्पासाहेब यांनी पत्करली. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, आप्पासाहेब पदच्युत झाले आणि अल्पवयीन तिसऱ्या रघुजींच्या नावाने रेसिडेंट जेन्किन्स राज्य चालवू लागला. छत्तीसगडावर आधी एडमंड्स आणि मग अ‍ॅग्न्यू हे इंग्रज अधिकारी आले. मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला गेले. नेपोलियन सेंट हेलेनावर ५ मे १८२१ ला मेला तेव्हा रायपुरात अ‍ॅग्न्यूच्या कचेरीत परगण्यांचे कागद नव्याने लावले जात होते. १८३० मध्ये कारभार भोसल्यांकडे परत दिला गेला, पण तो उसना. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये औरस मुलाविना वारले आणि मार्च १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूर आणि त्याबरोबर छत्तीसगड खालसा केले. त्याच महिन्याच्या अखेरीस इंग्लंडने रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धात उडी घेतली. त्या युद्धात त्याचा मित्र आणि साथीदार होता फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन, म्हणजे पहिल्याचा पुतण्या.